जिभेखालची गोळी

प्रिय तिसऱ्या मजल्यावरच्या बाई,

'प्रिय' लिहून बराच वेळ पेन तसंच धरून बसले. 'महोदया' लिहिलं तर तक्रारीचा अर्ज वाटेल, आणि काहीच न लिहिता एकदम सुरुवात केली तर धमकीचं पत्र. हे दोन्ही नाही. आपण एकमेकींना एकदाच पाहिलंय, हॉस्पिटलमधल्या त्या लांब बाकावर, मध्ये एका माणसाची जागा सोडून बसलेल्या. त्या जागेत शेवटपर्यंत कोणी बसलं नाही. मी त्याची बायको. तुम्ही कोण, हे त्या दुपारी तुम्ही स्वतःच सगळ्यांसमोर सांगितलंत, त्यामुळे आपली ओळख करून द्यायला तिसऱ्या माणसाची गरज उरलेली नाही. तो तिसरा माणूस आता हिंडताफिरता आहे, हे तुम्हाला माहीत असणार. पण तो किती बरा आहे हे तो तुम्हाला सांगणार नाही, म्हणून सुरुवातीलाच लिहिते. त्याच्या हृदयाचा एक भाग आता कामच करत नाही, आणि तिसरा झटका आला तर तो झेपेल असं म्हणायला डॉक्टर तयार नाहीत.

या पत्रात मी त्याला 'तो' म्हणणार आहे. तोंडावर मी लग्न झाल्यापासून 'अहो' म्हणत आले. डायरीत मात्र पहिल्यापासून 'तो'च लिहिते. का, ते मलाही सांगता येणार नाही. कदाचित ज्याच्याशी बोलायचं त्याला मान द्यायचा आणि ज्याच्याबद्दल विचार करायचा त्याला नाही, असं काहीतरी असेल. तुम्ही स्ट्रेचरच्या बाजूने चालत 'अरे, डोळे उघड ना' म्हणत होतात, ते मी ऐकलं. इतकी माणसं, इतका गोंधळ, आणि माझ्या मनात पहिला विचार हा आला की ही त्याला अरे म्हणते. माणसाचं मन कुठल्या वेळी काय टिपून ठेवेल, याला काही धरबंध नाही.

मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. पहिल्या नोकरीतल्या वरिष्ठ बाईंनी मला एक शिस्त लावली. नमुन्यात जे दिसतं ते लिहायचं. काय वाटतं ते लिहायचं नाही, आणि लिहिलंच तर वेगळ्या ओळीत. इथेही तसंच करायचा प्रयत्न करतेय. जमेल का माहीत नाही. शेजारच्या टेबलावर बाटल्या रांगेत उभ्या आहेत, त्यांचा निकाल यायला अवकाश आहे, आणि तेवढी दुपार माझ्या हातात आहे.

त्याचा पहिला झटका घरी आला होता. दाढी करताना. त्याने अशी हाक मारली की मी स्वयंपाकघरातून पोचायच्या आधी शेजारचे दारात होते. अर्धा गाल साबणाचा, अर्धा कोरा, आणि एवढ्या कळा येत असताना मला म्हणतो, आधी तोंड पूस, लोक काय म्हणतील. तोंड न पुसताच आम्ही त्याला नेलं. मनगटातून नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिनीत छोटी जाळी बसवली. छातीवर ओरखडासुद्धा नाही. मनगटावर पेनाचं टोक टेकल्यासारखा एक डाग आहे, तो घड्याळाच्या पट्ट्याखाली जातो. तुम्हाला दिसला नसेल तर तुमची चूक नाही. तो डाग दिसू नये एवढी काळजी त्याने घेतली असणार. हे 'वाटतं' या ओळीतलं.

घरी सोडताना डॉक्टरांनी दोन गोष्टी निक्षून सांगितल्या. एक, जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची बाटली कायम खिशात हवी. दुसरी, चालायचं, हळूहळू जिने चढायचे. त्यावर तो म्हणाला, डॉक्टर, लोकांना जिने चढायला लागू नयेत म्हणून मी जन्मभर ग्रीसमध्ये हात घातले, आणि आता तुम्ही माझ्याच पोटावर पाय देताय. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने केलेला हा विनोद त्या वॉर्डात दोन दिवस फिरत होता. तो हसवतो हे तुम्हाला माहीतच आहे. माझ्या मते तुमच्या-माझ्यात तेवढं एकच समान असेल, की आपण दोघी त्याच्या विनोदाला फसलो.

बाटली छोटी, तपकिरी काचेची, मुठीत मावते. उजेडाने जे बिघडतं ते ठेवायला आमच्याकडेही अशाच बाटल्या असतात, त्यामुळे तिची निगा मी माझ्याकडे घेतली. झाकण घट्ट लावायचं, प्लास्टिकच्या डबीत गोळ्या काढायच्या नाहीत, एकदा उघडली की काही महिन्यांनी बदलायची. बाहेर पडताना तो खिसे चाचपायचा. किल्ली, फोन, बाटली. कामावर जाताना, केस कापायला जाताना, अगदी कोपऱ्यावरून ब्रेड आणायला जातानासुद्धा. सासूबाई म्हणायच्या, माझ्या मुलाने लहानपणी पाटी-पेन्सिल कधी इतकी जपली नाही.

तुम्ही आमच्या घरात प्रथम आलात त्या जेवणाच्या टेबलावर. त्याने सांगितलेली गोष्ट मला शब्दन्‌शब्द आठवते. वीज गेली, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आत एक बाई आणि तिच्या मांडीवर एक खोका. हा वरच्या मजल्यावर फरशीवर पालथा पडून फटीतून बोलत होता, कारण अडकलेल्या माणसाशी बोलत राहायचं हा त्यांच्या कामाचा नियम आहे. विचारलं, खोक्यात काय आहे? तर आतून आवाज आला, दात आहेत, पण माझे नाहीत. मग कळलं की ती बाई कवळ्या बनवते आणि दातांचे साचे घेऊन निघाली आहे. आम्ही सगळे खूप हसलो. सासूबाईंनी तर विचारून घेतलं की ती कवळी नीट बसवते का, त्यांची जेवताना हलते. मुलगी सुट्टीला आली होती, ती म्हणाली, बाबा, तुम्ही तिला बाहेर काढलंत, आता ती आजीचे दात आत बसवेल. तेव्हा तुम्ही घरात सगळ्यांना आवडला होतात, मलाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण ते खरं आहे, आणि नंतर घडलेल्या गोष्टींमुळे आधीचं खोटं ठरत नाही.

त्यानंतर तो सुधारायला लागला. हॉस्पिटलच्या तळघरात एक खोली आहे, तिथे झटका येऊन गेलेल्यांकडून व्यायाम करून घेतात. जुनाट सायकली, चालायचे पट्टे, भिंतीला लावलेल्या लाकडी पायऱ्या, आणि एकमेकांशी पैज मारल्यासारखे घाम गाळणारे, पोट सुटलेले बापे. व्यायाम घेणारी मुलगी आमच्या लेकीपेक्षा थोडीच मोठी. ती त्याचा आलेख बघून खूश झाली, म्हणाली, काका, घरी काय करता तुम्ही? त्याने छाती पुढे काढली. तीन मजले चढतो, न थांबता. दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी वेताची खुर्ची ठेवलीय, पण एकदाही टेकलो नाही. मी शेजारीच टॉवेल घेऊन उभी. सहज म्हणाले, कुठले तीन मजले? आपलं घर तळमजल्यावर, आणि ऑफिसात तर तुमचीच लिफ्ट. त्याने माझ्या हातातला टॉवेल घेतला. म्हणाला, एका साइटवर लिफ्ट बंद आहे. ती मुलगी म्हणाली, मग दुरुस्त करा की. आणि तो म्हणाला, ती दुरुस्त केली तर माझं हृदय कोण दुरुस्त करणार? खोलीतले सगळे बापे हसले. मीही हसले. घरी येऊन डायरीत लिहिलं, 'जिन्याने गुण दिला.'

हे वाक्य मी नंतर कितीदा तरी वाचलंय. मी वर्षभर त्याच्या मागे लागले होते, चला हो, निदान बागेपर्यंत चला. तो सोफ्यावरून हलत नसे. जे माझ्या विनवण्यांनी झालं नाही ते तुमच्या जिन्याने झालं. म्हणजे तुमच्याकडे येण्यामुळे त्याचं हृदय सुधारलं, आणि तुमच्याकडेच ते कोलमडलं. दोन्ही निरीक्षणं आहेत. त्यांची बेरीज कशी करायची ते मला कोणी शिकवलेलं नाही.

मग बाटली. काही दुपारी ती ड्रॉवरमध्येच राहायला लागली. मी कामावरून येऊन ड्रॉवर उघडला की ती तिथे, चष्म्याच्या घराशेजारी. मला वाटलं, बरं वाटायला लागलं की माणूस बेफिकीर होतो. मी बोलायची, तो कान पकडायचा, दुसऱ्या दिवशी बाटली खिशात. आणि पुन्हा एखाद्या दुपारी ड्रॉवरमध्ये. केस कापायला जाताना न विसरणारा माणूस नेमका कधी विसरतो, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही असं नाही. विचारला, आणि उत्तराच्या अलीकडे थांबले. पाण्यात गढूळपणा दिसला तर मी लगेच दुसरा नमुना मागवते. घरात नाही मागवला.

आता ती दुपार. तुमचा फोन त्याच्या नंबरावरून आला. तुम्ही फक्त हॉस्पिटलचं नाव सांगितलंत आणि 'लवकर या' म्हणालात. प्रयोगशाळा जवळच, म्हणून मी ॲम्ब्युलन्सच्या आधी पोचले. दिरांना फोन केला होता, ते सासूबाईंना घेऊन मागोमाग आले. त्याला उतरवलं तेव्हा त्याच्या एका पायात बूट होता आणि दुसऱ्या पायात नुसता मोजा. तुमच्या बाहीवर पांढरी पूड होती. दात, लिफ्ट, खोका, सगळं माझ्या डोक्यात एकदम जागेवर बसलं. पण तेव्हा त्याचं काही वाटायला वेळ नव्हता.

तरुण डॉक्टर धावत बाहेर आला आणि आधीचं काही दुखणं आहे का विचारलं. मी घडाघडा सांगितलं. पहिला झटका, जाळी, सकाळची गोळी, रात्रीची गोळी, रक्त पातळ करायची, ठोके हळू करायची. मला ते पाठ आहे. सांगता सांगता तुमच्याकडे लक्ष गेलं. तुम्ही माझ्याकडे बघत होतात, आणि तुमचा चेहरा असा झाला होता की मला यादी पुढे म्हणवेना. तुम्हाला यातलं काही, काहीही माहीत नव्हतं. तुमच्या घरी येणारा माणूस आजारी नव्हताच. तो तीन मजले दमदार चढून येणारा, हसवणारा, धडधाकट माणूस होता. त्या क्षणी मला राग यायला हवा होता. आला तो तुमचा नाही.

मग डॉक्टरने आवाज खाली आणून विचारलं, पुरुषांची ताकदीची गोळी म्हणतात, तसलं काही घेतलंय का? आतमध्ये जे सलाइन चढवायचं आहे ते त्या गोळीबरोबर चालत नाही, रक्तदाब एकदम कोसळतो. दीर उभे होते, सासूबाई उभ्या होत्या. मी म्हणाले, नाही, छे, तसलं काही नाही. जरा तोऱ्यातच म्हणाले. आणि तुम्ही बाकावरून उठलात.

"घेतली होती. आज दुपारी. माझ्या घरी."

एवढंच. डॉक्टरने तुम्हाला तुम्ही कोण हे विचारलं नाही. केव्हा आणि केवढी एवढंच विचारलं, तुम्ही सांगितलंत, आणि तो आत वळून ओरडला, ते थांबवा. दार लागलं. दिरांनी मान फिरवली. सासूबाई तुमच्याकडे अशा बघत होत्या की दुसरी कोणी असती तर तिथून निघून गेली असती. तुम्ही पुन्हा बाकावर बसलात, आणि मी तुमच्या बाजूला बसले, मध्ये जागा सोडून. दुसरीकडे कुठे बसायचं ते मला कळलं नाही.

तो वाचला. शुद्धीवर आल्यावर त्याने जे सांगितलं ते तुमच्या कानावर आलं असेल किंवा नसेल. तो म्हणाला, ॲसिडिटीची गोळी घेतली होती, त्या बाईचा गैरसमज झाला, साइटवरची ओळख आहे, चक्कर आली म्हणून पाणी प्यायला गेलो. सासूबाईंना हे ताबडतोब पटलं. ती बाई खोटारडी, घाबरट, डोक्यावर परिणाम झालेली, असं काय काय आमच्या जेवणाच्या टेबलावर बोललं गेलं. तेच टेबल. दीर म्हणाले, वहिनी, विषय संपला, आता उकरू नका. मी भाजी वाढत होते. मला भांडायचं नव्हतं, आवाजही चढवायचा नव्हता. म्हणाले,

"ती खोटं बोलली असती तर आपण आज असे जेवत बसलो नसतो."

तेव्हापासून आमच्या घरात एक नवीन नियम आहे, त्याला त्रास होईल असं काही बोलायचं नाही. दार आपटायचं नाही, प्रश्न विचारायचे नाहीत, रडायचं असेल तर नळ सोडून. त्याचं हृदय हे घरातलं सगळ्यात लाडकं मूल झालंय, त्याच्या झोपेसाठी आम्ही चवड्यांवर चालतो. त्याने लेकीची शपथ घेऊन मला सांगितलं की पुन्हा असं होणार नाही. 'असं' म्हणजे काय ते त्याने सांगितलं नाही, आणि मी विचारलं तर त्याचे ठोके वाढतील.

मोठ्या डॉक्टरांना मी एकटी जाऊन भेटले. मला एकच गोष्ट हवी होती. हे त्यामुळे झालं का? 'त्यामुळे' म्हणजे कशामुळे ते मला उच्चारता आलं नाही, पण त्यांना कळलं. भला माणूस आहे. म्हणाले, यावर थोडंफार लिहिलं गेलंय, संबंधाच्या वेळी दगावणाऱ्या पुरुषांत घराबाहेर असलेले पुष्कळ असतात असं सांगतात. पण आधी जेवण, वर दारू, घाई, धाकधूक, यातलं नेमकं कशाने ते कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, मीही नाही. मला बरं वाटलं. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणणारा माणूस मला आवडतो. मी उठले तेव्हा ते म्हणाले, बाई, हृदयाला पत्ता कळत नाही. पण माणसाला कळतो. घरी असो की बाहेर, हृदयाला पडणारं काम जिना चढण्याएवढंच. फक्त बाहेरचा जिना माणूस मागे बघत बघत चढतो. गोळ्या चुकवतो, आजार लपवतो, आणि दुखायला लागलं की हाक मारायच्या ऐवजी काय सांगायचं याचा विचार करतो.

त्यांनी मला तुमचा जबाब सांगितला, तुम्ही तरुण डॉक्टरला सांगितलेला. की त्याच्या कपाळावर घाम आला, तो म्हणाला ॲसिडिटी आहे. तुम्ही औषध दिलंत. मग जबडा दुखतो म्हणाला, आणि बूट मागायला लागला. फोन करू देईना. खाली जातो म्हणाला, गाडीत बसतो, मग कर कुणाला करायचा तो. एक बूट घातला, दुसऱ्याची नाडी बांधता येईना, तरी सोडेना. शेवटी तुम्ही तो त्याच्या हातातून हिसकावून घेतलात आणि ॲम्ब्युलन्स बोलावली. मी हे ऐकलं आणि मला ती साबण लावलेली सकाळ आठवली. घरी त्याने गल्ली गोळा होईल अशी हाक मारली होती. तुमच्याकडे तो बूट घालत होता. मरायचंच झालं तर तुमच्या दाराबाहेर, जिन्यावर, रस्त्यावर कुठेही, पण तिथे नाही. दोन झटक्यांतला फरक मला विचाराल तर एवढाच आहे.

आणखी एक डॉक्टर म्हणाले, ते मला झोपू देत नाही. त्या दुपारी बाटली त्याच्या खिशात असती आणि सवयीने त्याने गोळी जिभेखाली ठेवली असती, तर ती दुसरी गोळी पोटात असल्यामुळे तो बहुधा तुमच्याच खोलीत गेला असता. तुमच्यापासून आजार लपवायला त्याने बाटली घरी ठेवली, आणि त्या लपवाछपवीने तो वाचला. हे कोणत्या ओळीत लिहायचं?

तुमचा पत्ता ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरने दिला. मी मागितला नव्हता. घरी सोडताना तोच होता, सगळ्यांदेखत कुरकुरत होता, की साहेबांना त्या इमारतीतून खुर्चीवर बसवून तीन मजले उतरवलं, कंबर धरली आमची, अन् साहेब लिफ्टचे. मी एकदा आले होते. तुम्हाला माहीत नाही. हॉस्पिटलने दिलेल्या पिशवीत एकच बूट होता, दुसरा आणायला आले असं स्वतःला सांगून आले. दुसऱ्या मजल्यावर ती वेताची खुर्ची खरंच आहे, बसायची जागा दबलेली. मी टेकले. तिथे बसून माझ्या मनात आलं, की पडायचंच असेल तर त्याने इथे पडावं, म्हणजे कोणालाच काही सांगावं लागणार नाही. आलं ते आलं, लिहिलं नाही म्हणून गेलं असं होत नाही. मग वर आले. दारामागे तुमचं घासायचं यंत्र चालू होतं, बारीक, दातांच्या दवाखान्यात येतो तसा आवाज. मध्येच ते थांबलं, तुम्ही खोकलात, पुन्हा सुरू झालं. इतकं साधं, कामात असलेल्या माणसाचं खोकणं. बेल न वाजवता मी उतरले.

तो एकटा बूट मी घरी बुटांच्या मांडणीत ठेवला. पुसून, पुढे टोक करून. त्याने नवीन जोड घेतला, आणि तो एकटा बूट तिथेच राहिला. सासूबाईंनी दोनदा विचारलं, हा टाकायचा का? मी म्हणाले, राहू दे.

काल कामावरून आले तेव्हा मांडणीत जोड होता. दुसरा बूट शेजारी, तसंच पुढे टोक करून, पॉलिश केलेला. त्याला वाटलं असेल, मोजतंय कोण. किंवा चांगला महागाचा बूट वाया का घालवायचा, असंही वाटलं असेल. ते त्याच्या स्वभावात आहे. मी ड्रॉवर उघडला. बाटली चष्म्याच्या घराशेजारी होती. आता या वेळीही तो फिरायला गेला असेल, पण बाटली आज ड्रॉवरमध्येही नाही आणि त्याच्या खिशातही नाही.

ती या पाकिटात आहे. कापसात गुंडाळलीय, काच फुटू नये म्हणून. तुम्हाला दोष द्यायला किंवा माफ करायला मी लिहिलेलं नाही, मी पुढे काय करणार हे सांगायलाही नाही. ते मी त्याच्या ठोक्यांकडे न बघता ठरवणार आहे, आणि तुम्हाला विचारूनही नाही. ती दुसरी गोळी डॉक्टरांनी त्याला कायमची बंद केलीय. त्याने मान डोलावली. त्याने ऐकलं की नाही हे मला कधीच कळणार नाही, तुम्हाला कळेल, आणि म्हणून ही बाटली माझ्या ड्रॉवरमध्ये निरुपयोगी आहे. ती दुसरी घेतली असेल, किंवा घेतल्याची शंका जरी असेल, तर ही उघडायचीच नाही, आधी ॲम्ब्युलन्स, आणि आलेल्या माणसाला खरं सांगायचं, जसं तुम्ही सांगितलंत. नक्की घेतली नसेल तर त्याला खाली बसवून एक गोळी जिभेखाली, गिळायची नाही, आणि तरीही ॲम्ब्युलन्स. तो म्हणेल ॲसिडिटी आहे. तो म्हणेल खाली जातो. त्या दिवशी तुम्ही त्याच्या हातातून दुसरा बूट हिसकावून घेतलात. पुढच्या वेळी पहिलाही देऊ नका.

तुमची,
तळमजल्यावरची